गुंड्याची एकादशी

एका जंगलात एक अस्वलीण राहायची. सगळे तिला ठकूमावशी म्हणायचे. ती गुहेतच राहायची, पण गुहेत एक काचेची टाकी होती आणि टाकीत एक लालचुटुक मासा होता. झऱ्याचं पाणी बांबूच्या नळीतून टाकीत थेंबथेंब येई आणि कडेने वाहून जाई. जंगलात काचेची टाकी कुठून आली, असं मध्येच विचारू नका. गोष्ट ऐकायची आहे ना? मग गप्प बसा.

माशाचं नाव गुंड्या. मावशीची दोन्ही पिल्लं मोठी होऊन पलीकडच्या डोंगरात संसाराला लागली होती. जेवायला हाक मारावी असं घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"जेवलास का रे गुंड्या?" मावशी विचारायची. गुंड्या तोंड उघडायचा. मासे उघडतातच.

"बघा, नाही म्हणतोय!" असं म्हणून मावशी टाकीत चिमूटभर खाणं टाकायची.

त्यात मावशीच्या घरची रीत अशी, की आल्यागेल्याने लेकराच्या हातावर खाऊ ठेवायचा. गुंड्याला हात नव्हते, म्हणून जो येई तो टाकीत चिमूट सोडी. ससा आला, चिमूट. साळू आली, चिमूट. हत्ती आला. आता हत्तीची चिमूट केवढी असते, ते तुमचं तुम्हीच ठरवा.

एके सकाळी मावशी टाकीपाशी गेली आणि किंचाळलीच. काचेवर दोऱ्यासारखे बारीक, पांढरे किडे वळवळत होते.

"अगं बाई! माझ्या बाळाला जंत झाले!"

शेजारचा फांदोबा माकड मोबाईल घेऊन धावत आला. त्याने किड्यांचा फोटो काढून 'जंगल परिवार' ग्रुपवर टाकला. आधी सगळ्यांनी शुभ सकाळ केलं. मग कोणी कडुनिंब सांगितला, कोणी हळद, कोणी एक जागृत वड.

तेवढ्यात बगळोपंत आले. बगळोपंत म्हणजे जंगलातले मत्स्यतज्ज्ञ. माशांविषयी त्यांच्याइतकी ओढ कोणालाच नव्हती. त्यांनी चष्मा लावला.

"आधी किडा ओळखायला हवा," ते म्हणाले. "चपटा आणि त्रिकोणी डोक्याचा असेल, तर तो खोडसाळ. दोऱ्यासारखा असेल, तर गरीब बिचारा. उष्ट्यामाष्ट्यावर जगतो."

"पण याचं डोकं कुठल्या बाजूला आहे हो?" मावशीने विचारलं.

बगळोपंतांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. फांदोबा म्हणाला, डावीकडे. साळू म्हणाली, उजवीकडे. वाद असा रंगला की चहा दोनदा झाला. डोकं काही सापडलं नाही. निघताना मात्र प्रत्येकाने "आजारी आहे हो बिचारा" म्हणत टाकीत चिमूट सोडली.

बगळोपंत मागे रेंगाळले. "मावशी, पेशंटला चार दिवस माझ्याकडे ठेवा. मी जातीने लक्ष घालीन."

"नको. तो परक्या घरी जेवत नाही," मावशी म्हणाली.

"जेवणाचं माझं मी बघतो," बगळोपंत म्हणाले आणि त्यांनी चोच पुसली.

मावशी भाबडी होती, बावळट नव्हती. तिने त्यांना गुहेच्या तोंडापर्यंत पोचवलं आणि आतून धोंडा लोटून घेतला.

किडे वाढतच गेले. तळाशी उष्ट्याचा गाळ साचला, पाणी गढूळ झालं. गुंड्या पाण्याबाहेर तोंड काढून आ-आ करू लागला. अहो, त्याला श्वास पुरत नव्हता! पण मावशीला वाटलं, भूक लागली. तिने आणखी चिमूट टाकली.

शेवटी साळू म्हणाली, "मावशी, त्याला एकादशी धरायला लाव."

हे मावशीला पटलं. निर्जळी तर गुंड्याला जमणार नव्हती. म्हणून तिने साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याचं कूट भुरभुरलं आणि टाकीत घातली. एकादशी अन् दुप्पट खाशी! संध्याकाळपर्यंत पाण्याची खीर झाली. गुंड्या एका कोपऱ्यात आडवा झाला.

मावशी टाकीला गाल लावून रडली. "तूही गेलास तर मी जेवायला हाक कोणाला मारू रे?"

दुसऱ्या दिवशी निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण पोर! मावशीने डिंकाचे लाडू उचलले, गुहेच्या तोंडावर धोंडा लोटला आणि पळाली. पलीकडच्या डोंगरात पोचली, नातू झाला, आणि मग तिला आठवलं, गुंड्याला कोणाकडे सोपवलंच नाही.

तिने फांदोबाला फोन लावला. तो लागला नाही. साळूकडे फोनच नव्हता. राहिले बगळोपंत.

"जातो की!" ते एका दमात म्हणाले. "आत्ताच जातो. धोंडा कुठून सरकतो तेवढं सांगा."

इकडे भूक, तिकडे बगळोपंत.

"नको," ती म्हणाली. "उपाशी राहू दे." आणि फोन ठेवून ढसाढसा रडली. लेकीला वाटलं, आई नातवाच्या आनंदाने रडतेय.

बारसं उरकून मावशी परतली. तिने धोंडा सरकवला. एक डोळा मिटून टाकीत पाहिलं.

गुंड्या सुळकन इकडून तिकडे गेला! नवं उष्टं पडत नव्हतं, आणि झऱ्याचं पाणी नळीतून येत होतं, जात होतं. त्या पाण्याने गढूळपणा पार नेला होता. काचेवर एकच किडा उरला होता. गुंड्याने तो मावशीच्या डोळ्यांदेखत गट्टम केला.

मावशी मटकन खाली बसली. म्हणजे मी खायला घालत होते म्हणून किडे होते, आणि मी नव्हते म्हणून हा त्यांनाच खाऊन जगला! तिला सगळं लख्ख कळलं.

बातमी पसरली, जंगल जमलं. साळू म्हणाली, एकादशी पावली. फांदोबा म्हणाला, ग्रुपमुळे झालं. बगळोपंत म्हणाले, "गुण आहे, पण अंगावर मांस नाही."

मावशीने गुंड्याकडे नीट पाहिलं.

"खरंच की! किती वाळलास रे माझ्या बाळा!"

आणि तिने डबा उघडला. मागे सगळे रांगेत उभे राहिले. रांगेत हत्तीही होता.

तात्पर्य : भुकेला मासा किडे खातो आणि भरल्या पोटाचा मासा किडे पाळतो, हे प्रत्येक आईला कळतं. कळून उपयोग नसतो. म्हणून शहाण्या लेकराने आपल्या आईला अधूनमधून कोणाच्या तरी बाळंतपणाला धाडावं. असो. तुम्ही जेवलात ना? जेवला असलात तरी दोन घास घ्या, किती वाळलात!