पिल्सनर रसग्रहण मंडळ: स्थापना आणि विस्तार

माणसाला जीभ दोन कामांसाठी दिलेली आहे: चव घेणे आणि बोलणे. पहिलं काम घोटभरात उरकतं, म्हणून सुसंस्कृत समाजाने दुसरं वाढवून ठेवलं. या वाढीव कामात आमच्या भावजींचं योगदान मोठं आहे. ते कोणी सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. ‘आता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं?’ हा प्रश्न दिवसभर परक्या माणसांना विचारायचा आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचं, असं त्यांचं निर्व्यसनी आयुष्य होतं. बीअर प्यायलेच तर ‘गार आहे’ एवढाच अभिप्राय देत.

मग एका खूश गिऱ्हाइकाने त्यांना पिल्सनरची बाटली दिली. (पिल्सनर म्हणजे पिवळीधमक, कडसर बीअर. ही जरा जास्तच कडक होती.) बाटलीवर लिहिलं होतं, ‘ताजा पाव, रानफुलं आणि दुरून येणारी काळ्या मिरीची चाहूल.’ भावजींना पाव लागला नाही, फुलं लागली नाहीत, मिरीने तर वाटच बदलली असावी. माणूस खचला. आपल्या जिभेला नंबर लागला की काय, या काळजीने त्यांनी तशाच आणखी बाटल्या आणल्या. पहिलीत काही नव्हतं. दुसरीत पावाचा भास झाला. चौथ्या बाटलीत त्यांना मिरी तर लागलीच, शिवाय ती कोणत्या बाजूने येते आहे हेही बोटाने दाखवता आलं.

ज्ञान झालं की माणूस स्वस्थ बसत नाही. भावजींनी घरीच बीअर करायचं ठरवलं. मोड आलेलं भाजकं जव आलं, हॉप्सची कडू फुलं आली, यीस्ट आलं. ताईच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ते शिजलं आणि पिंपात गेलं. पिल्सनर थंडीत, सावकाश आंबावी लागते. त्यामुळे फ्रिजमधलं अन्न हे अतिक्रमण ठरलं आणि रीतसर हटवण्यात आलं. दूध खिडकीत गेलं, भाज्या कपड्यांच्या कपाटात. पिंपाच्या नळीतून बुडबुड येऊ लागल्यावर घरात मोठ्याने बोलायची बंदी झाली, कारण यीस्ट बिचकतं. (यीस्टला कान नसतात, हे ताईने निदर्शनास आणून दिलं, पण जरा मोठ्याने आणून दिलं.)

त्याच सुमारास ताईला ताप आला. घरातला एकुलता एक थर्मामीटर पिंपात होता. भावजींनी तिच्या कपाळाला हात लावला आणि काळजीने म्हणाले, “पिंपापेक्षा बराच जास्त आहे गं.”

बीअर तयार झाली, बाटल्या भरल्या, आणि एका रविवारी भर दुपारी त्यातल्या निम्म्या फुटल्या. कडक व्हावी म्हणून भावजींनी साखरेच्या बाबतीत हात सैल सोडला होता. फ्रिजचं दार आपण होऊन उघडलं. बीअर फरशीतून झिरपली आणि खालच्या मजल्यावर निवृत्त जजसाहेब जेवत होते, त्यांच्या ताटात पडली. जजसाहेब ताट हातात घेऊनच वर आले. शेजारच्यांनी आधीच अग्निशामक दलाला फोन केला होता, त्यांचे साहेब शिडीसकट हजर झाले. सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. थोडक्यात, भावजींचे दिवस भरले होते.

भावजींनी जजसाहेबांच्या ताटात वाकून पाहिलं आणि सवयीने, अगदी मऊ आवाजात विचारलं, “तुम्हाला यात काय जाणवलं?”

जन्मभर जजसाहेबांनी लोकांना प्रश्न विचारले होते. आपल्याला काय जाणवतं, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी ताटातून एक घोट घेतला. डोळे भरून आले.

“ओलं गवत,” ते म्हणाले. “आणि शाळेचा पहिला दिवस.”

मग अग्निशामक दलाच्या साहेबांना विचारलं. त्यांना जळकं लाकूड जाणवलं (हा अनुभवाचा भाग). सेक्रेटरींना नव्या रबरी शिक्क्याचा गोडवा जाणवला. नोटिशीच्या मागच्या बाजूवर पिल्सनर रसग्रहण मंडळाची स्थापना झाली.

मंडळाने झपाट्याने प्रगती केली. तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण सदस्य होऊन जाई. ‘चांगली’, ‘वाईट’ आणि ‘अजून आहे का’ हे शब्द असभ्य ठरले. मंडळाच्या पाहणीनुसार शंभरातल्या नव्वद माणसांना बीअर नुसती बरी लागते. उरलेले दहा जण सदस्य आहेत आणि आमच्या ताईच्या सोफ्यावर बसलेले आहेत.

ताईने दाद मागायचं ठरवलं. ती सेक्रेटरींकडे गेली. ते म्हणाले, “वहिनी, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला अजून मुरू द्या.” जजसाहेबांकडे गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, ग्लास उजेडात धरला आणि निकाल राखून ठेवला.

शेवटी एका सभेत ती रिकामे ग्लास उचलायला आली, तेव्हा भावजी चुकून तिच्याकडे वळले. रांगेत सगळ्यांना विचारत चालले होते, ती शेवटी उभी होती, एवढंच.

“आणि तुला? तुला काय जाणवतं?”

ताईने ट्रे खाली ठेवला. लग्नाला एवढी वर्षं झाली होती.

“सुरुवातीला राग येतो,” ती म्हणाली. “मग बराच वेळ काहीच नाही. आणि सगळं संपल्यावर, आवराआवर झाल्यावर, मागे एकटेपणा उरतो, तो जात नाही.”

मग जजसाहेब उठले आणि टाळ्या वाजवू लागले. अख्खं मंडळ उभं राहिलं. अग्निशामक साहेबांना हुंदका आवरेना. “मागे उरणारी चव! आम्ही जंग जंग पछाडलं, यांनी तीन वाक्यांत पकडली!”

“अहो, मी बीअरबद्दल बोलत नव्हते,” ताई म्हणाली.

“खरा रसिक,” जजसाहेब गहिवरून म्हणाले, “कधीच बीअरबद्दल बोलत नसतो.”

ताईची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. तिने पहिल्याच हुकुमाने फ्रिज खाली जजसाहेबांकडे हलवला. पाठोपाठ तापमान सांभाळायला म्हणून भावजीही गेले आणि तिथेच राहिले. ताईने नवा फ्रिज घेतला. त्यात दूध असतं, भाज्या असतात, आणि एका माणसाला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच अन्न असतं. भावजी रविवारी जेवायला वर येतात. भाजीचा घास डोळे मिटून घोळवतात आणि मिठाच्या आगमनाविषयी सविस्तर बोलतात. ताई ऐकते. ‘चांगली झालीय’ हे दोन शब्द ऐकायला ती मघापासून थांबलेली असते, हे त्यांना अजून जाणवलेलं नाही.

मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. बाहेरच्या कोणाला घ्यायचं नाही असा ठराव आहे, पण तुमची अडचण नाही. ताईची ती तीन वाक्यं वाचून तुम्ही मनातल्या मनात ‘वा!’ म्हणालात. ती बरी आहे ना, असं विचारलं नाहीत. या, बसा. तुम्हाला काय जाणवलं?