पाचवा कॅमेरा

जुन्या नटमित्राचं पत्र येऊन वीस दिवस झाले होते, आणि काकांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. नटाला आता ऐकू येत नसे, त्यामुळे फोनची सोय नव्हती. ‘माझा शेवटचा प्रयोग आहे. चार कॅमेऱ्यांनी तूच टिपावास अशी इच्छा आहे. पहिल्या तारखेपर्यंत तुझं हो आलं तर ठीक, नाहीतर कुणीच टिपायला नको. राग नाही.’

‘राग नाही’ या दोन शब्दांनी काकांची झोप उडवली होती.

काका चाळीस वर्षं चित्रपटांचे संकलक होते, पण हो म्हणण्याआधी बेरीज तीनदा करणारे. पुतणीच्या स्टुडिओत नवी व्यवस्था बसत होती. चारही कॅमेऱ्यांचं चित्रण थेट एका सामायिक साठ्यात उतरायचं आणि संकलनाच्या तिन्ही टेबलांवर एकदम कापायला मिळायचं. आराखडा काकांचा. भिंतीलगतच्या त्या काळ्या, घुमणाऱ्या कपाटाला सगळे ‘कोठी’ म्हणत. चार कॅमेरे, तीन तास, सगळ्याची दुसरी प्रत. कागदावर जागा पुरून उरत होती. कोठीत मात्र रोज सकाळी ती आदल्या दिवसापेक्षा कमी असे. न भरता कोठी भरत होती.

आपलंच चुकलं असणार, असं काकांनी धरलं. ते आयुष्यभर तेच धरत आले होते. स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आपल्या पुस्तकांच्या खोलीत ते नटाला उत्तर लिहायला बसत, आणि मानेमागे काहीतरी गार सरके. कुणीतरी पाठीमागून बघतंय. वळून पाहावं तर नुसती पुस्तकं. मग पुढची ओळ सुचत नसे. कागद जाडजूड शब्दकोशात सरकवून ते खाली येत आणि पुन्हा बेरीज मांडत.

पहिली तारीख चार दिवसांवर आली, त्या दुपारी नव्या व्यवस्थेच्या तारा ओढणारा वायरमन जिन्यात आडवा आला. “काका, आपले कॅमेरे किती?”

“चार.”

“मग कोठीत पाच कसे?”

खाली पुतणी पडद्यांसमोर बसली होती. साठा सामायिक, म्हणून तिन्ही टेबलांच्या पडद्यांवर एकच माणूस दिसत होता. पाठमोरा. चित्र धूसर, जुनाट भिंगातून घेतल्यासारखं. समोरच्या खिडकीच्या उजेडात बाकी सगळं विरघळलेलं. तो मान खाली घालून काही लिहीत होता. मध्येच थांबला आणि सावकाश मागे वळला. खिडकी त्याच्या डोक्यामागे आली आणि चेहऱ्याच्या जागी फक्त काळा डाग उरला. डाग बराच वेळ या तिघांकडे बघत राहिला.

वायरमनने आवाज खाली आणला. या जागेत पूर्वी दवाखाना होता, असं त्याने ऐकलं होतं.

“दाताचा होता,” पुतणी म्हणाली. “तिथं कोण मरतंय?”

“मेला नसेल. नंबर लागायची वाट बघत असेल.”

पुतणी व्यवहारी. तिने चार दिवसांचे चार तुकडे काढून एका पडद्यावर शेजारी शेजारी लावले, चार कॅमेऱ्यांचे लावतात तसे. चार पाठी एकदम वाकल्या. चार हात लिहू लागले. चार काळे डाग एकदम वळले. वायरमन तिच्या खुर्चीमागे सरकला. मग चौघांनी कागदाची घडी घातली आणि ती एका जाड पुस्तकात सारली.

काकांना भीतीपेक्षा कणव जास्त आली. “काहीतरी पाठवायचंय बिचाऱ्याला,” ते म्हणाले. “धीर होत नाहीये. कुणीतरी सांगायला हवं, बाबा रे, टाक एकदाचं.”

पुतणी आता पडद्याकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती. “तुम्हीच सांगा ना, काका.”

पडद्यावर चौघांनी पेनाच्या टोपणाने डावा कान खाजवला. काकांनी आपला हात कानावरून हळूच खाली घेतला. हातात टोपण होतं.

स्वतःची पाठ कुणी कधी पाहिलेली असते?

मग एकेक आठवत गेलं. आराखड्यात काकांनी पाचवी तार ठेवली होती, असावी म्हणून. ती तपासायला एक जुना कॅमेरा स्वतःच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर चढवला होता, काही हललं की आपोआप सुरू होणारा. त्याचा लाल दिवा वाचताना डोळ्यांत येई, म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवली. कागदावर ‘तपासले’ अशी खूण केली आणि कॅमेरा विसरले. काका बसले की तो सुरू, तो सुरू झाला की मानेवर गारवा, गारव्याने पत्र अडे, कोठी भरे, बेरीज चुके, आणि बेरीज चुकली की पुन्हा पत्र नाही.

“म्हणजे तुम्हीच तुमच्या मानगुटीवर बसला होतात,” पुतणी म्हणाली.

शब्दकोशातून एकोणीस उत्तरं निघाली. एकही तिसऱ्या ओळीपुढे गेलेलं नव्हतं. वायरमनने तार उपटली, कॅमेरा खाली आणून टेबलावर ठेवला. पाचव्याचं सगळं पुसल्यावर कोठीतली जागा काकांच्या कागदाशी तंतोतंत जुळली. त्यांची बेरीज पहिल्यापासून बरोबर होती, आणि यावर काय करावं हे त्यांना सुचेना.

विसावं उत्तर खालीच, पुतणीच्या टेबलावर लिहून झालं. ‘हो. जागा पुरेल. राग नाही ना?’

टपालपेटी समोरच्या कोपऱ्यावर. काकांनी पत्रासकट हात मनगटापर्यंत आत घातला, आणि शंका आली. पत्ता बरोबर आहे ना? नुसतं ‘हो’ तुसडं वाटेल का? हात मागे येऊ लागला. तेवढ्यात मानेवर तोच गारवा सरकला.

त्यांनी वळून पाहिलं. स्टुडिओच्या दारात पुतणी आणि वायरमन उभे होते, दोघंही. वर, पुस्तकांच्या खोलीच्या खिडकीत, आणखी कुणीतरी होतं. चेहऱ्याच्या जागी काळा डाग. त्याचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला.

काकांनी सवयीप्रमाणे तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एक जास्तच भरला.

“टाकतो, बाबा,” ते पुटपुटले, आणि पत्र सोडलं.

आत ते पडल्याचा आवाज आला. पुन्हा वर पाहिलं, तर खिडकीत नुसती पुस्तकं होती.