टेपराव म्हणजे मीच

त्या रविवारी सकाळी साहेबांनी नेहमीचा कप सोडून नव्या मगातून चहा प्यायचं ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. एरवी साहेब असल्या नावीन्याच्या वाटेला जात नसत. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात काढलेला माणूस. दुकानदाराने तराजूखाली चिकटवलेलं चुंबक लांबून ओळखायचं आणि घरातल्या भांड्यालाही त्यात किती मावतं हे कळल्याशिवाय तोंड लावायचं नाही, असा त्यांचा खाक्या. पण त्या दिवशी नेहमीचा कप खरकटा पडला होता आणि मग समोर होता. (कप विसळून घ्यायला काय हात झिजले असते, असं बायको म्हणते. पण ते वेगळं भांडण आहे.)

अर्धा चहा पोटात गेल्यावर त्यांनी मग फिरवून पाहिला. त्यावर एका माणसाचं चित्र होतं. जाड मिशी, काखेत फाइल, हातात लांबलचक ओढलेली स्टीलची टेप आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाचे अपराध पोटात घातल्याचा भाव. खाली लिहिलं होतं, "दार चार बोटं अरुंद आहे. पण मी समजून घेईन."

उरलेला अर्धा चहा साहेबांच्या नाकात गेला.

"हे घरात कोणी आणलं?"

"मी," कॉलेजात जाणारी लेक म्हणाली. "टेपराव आहे तो, बाबा. मामाच्या पिक्चरमधला. आमच्या कॉलेजात सगळ्यांकडे हाच मग आहे."

आता इथे मामाबद्दल सांगणं भाग आहे. वीसेक वर्षांपूर्वी साहेबांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, 'चार बोटं कमी' नावाचा सिनेमा काढला होता. प्रेमकथाच, पण तऱ्हेवाईक. नायिका लिफ्ट दुरुस्त करायची आणि नायकाला उंचीची भीती. मध्येच हा टेपराव नायिकेला मागणी घालायला हातगाडीवर भलंमोठं लोखंडी कपाट भेट घेऊन येतो. ते दारातून आत जात नाही. मग तो दार मोजतो, दारात उभ्या असलेल्या तिच्या वडलांना मोजतो आणि उदार मनाने ते वाक्य म्हणतो.

पहिल्याच दिवशी साहेब सहकुटुंब बघायला गेले होते. टेपराव पडद्यावर आला मात्र, साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीच मिशी, तीच काखेतली फाइल, तीच टेप. मेहुण्याने आपल्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला गावाच्या चव्हाट्यावर आणलं होतं. मध्यंतरात ते बायकोला घेऊन उठले आणि घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं की तो माणूस पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.

सिनेमा आठवडाभरात उतरला. शेवटच्या खेळाला गारव्यात झोपायला आलेली दोन माणसं होती म्हणतात. ही बातमी कळली त्या दिवशी साहेब चार घास जास्त जेवले. मेहुणा तेव्हापासून आला नाही. बायको मात्र दर महिन्याला दातांच्या डॉक्टरकडे जायला लागली. तिचे दात घरात सगळ्यांत चांगले होते आणि डॉक्टरकडून येताना तिचे डोळे लाल असायचे. पण साहेबांनी त्याचा कधी हिशेब लावला नाही. लेकीला एवढंच सांगितलं होतं की मामाशी तात्त्विक मतभेद आहेत.

"पडलेला सिनेमा तो," साहेब नाक पुसत म्हणाले. "सपाटून पडलेला. कोणी कुत्रं फिरकलं नव्हतं."

"तेव्हा लोकांना कळला नाही, बाबा. आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. थिएटरात टेपा घेऊन जातात."

मेलेल्या सिनेमाला पुन्हा उठून बसायची परवानगी दिली कोणी, हा साहेबांचा प्रश्न होता. त्यांनी मग टेबलावर आदळला. (फुटला नाही. चांगल्या मालाचा होता, हे त्यांनीही मान्य केलं.)

"तुला माहीत आहे का, तो टेपराव म्हणजे कोण आहे? मी आहे. तुझ्या बापाची टर उडवली आहे तुझ्या मामाने."

"अहो, तो तुम्ही नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू भावाचीच तळी उचलणार."

लेक मात्र बापाकडे टक लावून बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांना वाटलं, पोरीला वाईट वाटलं. तिने हळूच फोन काढला.

संध्याकाळी दारात सातआठ पोरंपोरी उभी. प्रत्येकाच्या खिशात टेप. एकीने साहेबांना वाकून नमस्कार केला. दुसरा म्हणाला, "काका, एकदाच म्हणा ना ते वाक्य."

साहेबांचा पारा चढला. "मी असलं काहीएक म्हणणार नाही. या प्रकारात माझी अब्रू गेली आहे. तुमच्या वयाला ते समजत नसेल, तर ठीक आहे, मी समजून घेईन."

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एक जण तर भिंतीला टेकून हसता हसता खालीच बसला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि आतून दोनदा कडी तपासली.

सोमवारी ऑफिसात तोच प्रकार. मोठे साहेब, ज्यांना इतक्या वर्षांत यांचं आडनाव पाठ झालं नव्हतं, ते स्वतः टेबलापाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही बोलला नाहीत कधी." मग खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. बाजारात तपासणीला गेले तर दुकानदार आपण होऊन वजनं पुसून मांडायला लागले. साहेब सगळ्यांना सांगत होते की ही माझी बदनामी आहे, मला याचा अत्यंत संताप आहे. सांगायचे मात्र सविस्तर, खुर्ची ओढून घेऊन, आणि कोणी विचारायची वाट न बघता.

आठवड्याभरात त्यांच्या संतापाला वेगळंच वळण लागलं. सिनेमातल्या नटाने टेप चुकीची धरली आहे, अंगठा पुढे हवा, असं ते पोरांना दाखवून द्यायला लागले. एकदा बायको बाथरूमपाशी गेली तर आरशासमोर मग ठेवलेला आणि साहेब कात्रीने मिशीची टोकं त्याच्याबरहुकूम कापत उभे. नवी टेपही आली. जुनी अडकते म्हणाले.

बायकोने पडलेले केस झाडून काढले. पण सिनेमाच्या खास खेळाचं बोलावणं आलं तेव्हा तिच्याच्याने राहवलं नाही. दिग्दर्शक स्वतः येणार होता आणि लेकीने आयोजकांना सांगून ठेवलं होतं की खरा टेपरावही स्टेजवर येईल.

"अहो, जाण्याआधी एकदा माझं ऐकून घ्या."

"तुझं ऐकणं म्हणजे त्याचं ऐकणं."

"बरं, नका ऐकू. पण नंतर त्याला घरी जेवायला बोलवाल ना?" ती खाली बघून ताटं पुसत होती. "तो अजून एकटाच राहतो हो. आणि माझे दात आता इतके साफ झालेत की डॉक्टरकडे जायला काही कारण उरलेलं नाही."

म्हणजे दातांच्या नावाखाली ती दर महिन्याला भावाला भेटत होती. साहेबांना डॉक्टरांचं कोडं तेव्हा उलगडलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. "आधी जाहीर माफी," ते म्हणाले. "जेवणाचं मग बघू."

खेळ दुपारचा होता. थिएटर खच्चून भरलेलं. साहेबांच्या खिशात घडी केलेलं भाषण होतं, त्यात 'निषेध' हा शब्द तीनदा आणि 'विश्वासघात' एकदा. टेपराव पडद्यावर आला तशा अंधारात शेकडो टेपा सळसळत बाहेर निघाल्या आणि सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, "पण मी समजून घेईन." साहेबांनी हाताची घडी घातली. (टेप त्यांचीही बाहेर आली होती. चुकून, म्हणाले.)

मध्यंतर झालं. मागच्या वेळी ते इथेच उठले होते. या वेळी बसले, आणि घोटाळा झाला तो त्यानंतर.

उत्तरार्धात नायिकेचे वडील तिला खोलीत कोंडतात. खाली नायक शिडी घेऊन उभा, पण वर चढायची त्याची छाती नाही. आणि शिडी खिडकीला पुरत नाही. तेवढ्यात टेपराव येतो. शिडी मोजतो, खिडकी मोजतो आणि काही न बोलता आपलं ते कपाट, तिच्यासाठी आणलेलं आणि दारातून न गेलेलं, ढकलत ढकलत आणून भिंतीला आडवं टाकतो. त्यावर शिडी ठेवतो आणि ती उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून उभा राहतो. ती दुसऱ्याबरोबर निघून जाते. तो कपाटावर बसून टेप गुंडाळतो. त्या वेळी अख्खं थिएटर चिडीचूप होतं.

साहेबांनी रुमाल काढला. वीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्या मेहुण्याने आपल्याला असं पाहिलं होतं तर. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस. आणि आपण मध्यंतरातच उठून गेलो. त्यांना मेहुण्याची दया आली आणि स्वतःबद्दल तर भरूनच आलं.

नाव पुकारलं तेव्हा ते जवळजवळ धावतच स्टेजवर गेले. मेहुणा पार पिकला होता. भाषण खिशातच राहिलं. साहेबांनी त्याला मिठी मारली आणि माइकवर म्हणाले, "मी समजून घेतलं."

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. मेहुण्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने भाऊजींना घट्ट धरलं आणि विचारलं, "काय समजून घेतलं, भाऊजी?"

"हेच की टेपराव म्हणजे मीच."

मेहुणा लहानपणापासून एकाच गोष्टीसाठी बदनाम होता, त्याला खोटं बोलता येत नसे. आणि माइक दोघांच्या मध्येच होता. "नाही हो भाऊजी," तो म्हणाला, "तो तुम्ही नाही. तुमच्या आधी ताईला मागणी घालायला एक फर्निचरवाला आला होता ना, तो आहे तो."

"आधी?" साहेब म्हणाले. "माझ्या आधी?"

"तुम्हाला ताई बोलली नाही?"

ताई पहिल्या रांगेत बसून पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. आता लोकांनी साहेबांकडे बघणं सोडलं आणि सगळे तिच्याकडे वळले. पोरांनी तिला हाताला धरून स्टेजवर आणलं. खरी नायिका मिळाल्यावर खोट्या टेपरावाला कोण विचारतो. साहेब बाजूला सरकत सरकत फुलदाणीच्या मागे गेले.

"काकू, त्याला नकार का दिलात?" एकीने विचारलं.

"कपाट चांगलं होतं," बायको म्हणाली. लोक हसले. "पण तो माणूस सगळंच समजून घ्यायचा. संसारात कोणीतरी भांडणारंही लागतं."

टाळ्या थांबेनात. फुलदाणीमागे साहेबांना आपलं कौतुक झालं की पंचाईत, हे नीट कळलं नाही.

मेहुण्याला जेवायला कोणी बोलावलंच नाही. बाहेर आल्यावर बायकोने त्याला सरळ टॅक्सीत बसवलं, पुढच्या सीटवर, आणि दार लावलं. साहेब मागे बायको आणि लेकीच्या मध्ये. गाडी हलली तसा त्यांचा संताप नव्याने उसळला.

"मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं का नाही?"

"मी सांगत होते," बायको म्हणाली.

"तो फर्निचरवाला कोण, हे नाही सांगितलंस."

"ते सांगितलं असतं तर तुम्ही आणखी चिडला असता."

चौक आला, गाडी थांबली. मग त्यांच्या मनात भलतीच शंका आली आणि ती त्यांना काही केल्या गिळवेना. एक फर्निचरवाला, एकदा दारात येऊन गेलेला, तो घराघरांतल्या मगांवर जाऊन बसला. आणि ज्याने संसार केला, तो?

"म्हणजे त्या अख्ख्या सिनेमात," ते पुढे वाकून म्हणाले, "मी कुठेच नाही?"

"असं कसं होईल, भाऊजी?" मेहुणा मनापासून म्हणाला. "एक पूर्ण सीन लिहिला होता तुमच्यावर. लग्नाच्या फोटोत नवे बूट आले नाहीत म्हणून तुम्ही रुसला होतात ना, जेवायलाही उठेनात, तो जसाच्या तसा."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग?"

"काढावा लागला. सगळे म्हणाले, इतक्याशा गोष्टीवरून इतका वेळ रुसून बसणारा माणूस कोणाला खरा वाटणार नाही."

घर येईपर्यंत साहेब कोणाशी एक शब्द बोलले नाहीत.