शिट्टी कुणाच्या गळ्यात?

आमच्या घरामागच्या तलावाइतका सुरक्षित पोहण्याचा तलाव तुम्हाला शोधून सापडणार नाही! घर घेताना तलाव बघून नवरा हरखला. मी आधी तलाव बघितला, मग आमची साडेतीन वर्षांची चिमणी बघितली, आणि माझी झोप उडाली ती उडालीच. घर आपलं, तलाव आपला, म्हणजे पाण्यात कुणाला काही झालं तर जबाबदारीही आपलीच. नवऱ्याच्या मते ‘आपली’ म्हणजे माझी.

तर मी चारी बाजूंनी कुंपण घातलं. फाटक आपोआप बंद होणारं, कडी माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. शेजारी चव्वेचाळीस नियमांची पाटी! ती वाचून दिराने विचारलं, "वहिनी, परीक्षा कधी आहे?"

पण माझा हुकमी एक्का होता केशरी शिट्टी. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याने तलावावरून नजर हलवायची नाही. फोन नाही, गप्पा नाहीत. वीस मिनिटं झाली की शिट्टी पुढच्या मोठ्या माणसाच्या गळ्यात घालायची. काय बिशाद आहे काही होण्याची!

रविवारी सासरची मंडळी आली. शिट्टी नवऱ्याच्या गळ्यात घालून मी टॉवेल आणायला आत गेले. पाच मिनिटं, फार तर सहा. परत येते तर महाशय स्वयंपाकघरात, टरबुजाच्या फोडीसकट!

"शिट्टी कुठे आहे?"

"धाकट्याला दिली की. रीतसर गळ्यात घातली."

दीर पडवीत फोनवर बोलत होता. "वहिनी, फोनला बंदी आहे ना? म्हणून ताईला दिली. नियम म्हणजे नियम!"

नणंद पोहायला जायचं म्हणून केस बांधत होती. "मला पोहायचंय गं. बाबांना दिली."

सासरे आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते.

"बाबा! शिट्टी?"

"चिमणीने मागितली, दिली. एवढ्याशा शिट्टीसाठी पोरीला रडवू का, सूनबाई?"

चिमणी पडवीत नव्हती. घरातही नव्हती. आणि ते आपोआप बंद होणारं फाटक सताड उघडं होतं! नवऱ्याने त्याला कुंडी टेकवली होती. सारखं उघडायचा त्रास होतो म्हणे.

हातातल्या सात टॉवेलांसकट मी धावत सुटले. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मी धप्पकन पाण्यात!

तेवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. काठापासून चांगली चार हात लांब, पाटीखालच्या बाकावर मांडी घालून बसलेली माझी लेक ओरडत होती, "आई, पळायचं नाही! बाबा, आई पडली!"

सगळ्या मोठ्या माणसांत नेमून दिलेलं काम करणारी ती एकटीच होती.

मला मात्र कौतुक सुचत नव्हतं. मी नाकातोंडात पाणी घेत हातपाय झाडत होते. डोक्यावर टॉवेल, डोळ्यांपुढे अंधार. "वाचवा!" नवरा फोन, पाकीट, टरबूज सगळ्यासकट उडी मारून आला. दीर धावला, नणंद किंचाळली. सासऱ्यांनी खुर्चीतूनच निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, उभी राहा."

उभी राहिले. पाणी कमरेएवढं होतं.

"अगं," नवरा धापा टाकत म्हणाला, "तुला पोहता येत नाही?"

मी पाटीकडे पाहिलं. चव्वेचाळीस नियम, पण शिट्टीवाल्याला पोहता यायला हवं हे एकाही ओळीत नव्हतं. आणि गेले दोन महिने रोज सर्वांत जास्त पाळ्या मीच केल्या होत्या!

कुंडी मी त्याच संध्याकाळी घराच्या पुढच्या दाराशी नेऊन ठेवली. आता दर शनिवारी आम्ही मायलेकी पोहायला शिकायला जातो. प्रगती छान आहे, असं शिक्षिका म्हणतात. चिमणीला त्यांनी वरच्या वर्गात घातलंय. मी अजून कठडा धरून पाय मारते.