गच्चीवरचे हातमोजे

तपासणी समितीची गाडी नर्सिंग कॉलेजच्या फाटकात शिरली आणि नेमकी तेव्हाच प्राचार्यांची नजर वसतिगृहाच्या गच्चीकडे गेली. तिथे दोरीवर दीडशे रबरी हातमोजे वाऱ्यावर सगळ्यांना टाटा करत होते.

"सिस्टर, हे काय?"

सिस्टर म्हणजे इथे शिकवणाऱ्या उकळीबाई. काचेच्या सिरिंजा उकळण्याच्या गोष्टी सांगून सांगून त्यांना हे नाव पडलं होतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. 'पर्यावरण आणि परिचर्या' हा नवा धडा त्यांनी हट्टाने मागून घेतला होता. तो अभ्यासक्रमात कायम राहणार की जाणार, हे आजच्या तपासणीवरून ठरणार होतं. आपल्यामागे आपलं एवढं तरी राहावं, असं त्यांना फार वाटत होतं.

चूक त्यांच्याच जिभेची. काल वर्गात त्या रमल्या. "आमच्या वेळी हातमोजा फेकला तर मेट्रन आम्हालाच फेकायच्या! धुवायचा, फुगवायचा, गालाशी धरायचा. वारा लागला की समजायचं, भोक आहे. मग ठिगळ, मग पावडर." सांगता सांगता त्या पावडरीचा वास नाकात आला, शेजारी बसून ठिगळं लावणाऱ्या मैत्रिणी आठवल्या, डोळे भरले. ही गोष्ट आहे, गृहपाठ नव्हे, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. मुलींनी पुतळ्यांवर सरावाला वापरलेले सगळे हातमोजे कचऱ्याच्या डब्यातून काढून धुतले.

"आधी ते खाली आणा!" प्राचार्या ओरडल्या.

मुली गच्चीवर धावल्या. घाईत दोरी तुटली आणि हातमोजे खाली आले खरे, पण समितीच्या अंगावर. एक थेट अध्यक्षबाईंच्या खांद्यावर येऊन बसला.

पिकल्या केसांच्या अध्यक्षबाईंनी तो उचलला. इकडेतिकडे न बघता फुंकर मारून फुगवला, तोंड पिळलं आणि गालाशी धरला.

"अंगठ्याला भोक आहे. कुणी तपासला हा?"

"मी, मॅडम," वरून एक घाबरलेला आवाज आला.

"गालाशी धरला होतास?"

"नाही, हाताने चाचपला."

"तरीच! आम्हाला एका भोकाला पन्नास हातमोजे धुवायची शिक्षा असायची."

"आम्हाला साठ," उकळीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

अध्यक्षबाईंचा चेहरा पुन्हा कडक झाला. "पण हे एकदाच वापरायचे असतात. हे शिकवलंत?"

"राहिलं. हल्ली पाण्याचा पेला द्यायलाही पोरी हातमोजे चढवतात. गरज नसेल तिथे घालूच नका, हे सांगायचं होतं. मी आठवणींत अडकले."

अध्यक्षबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेताच त्या गेल्या. उकळीबाईंना रात्रभर झोप लागली नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. धडा कायम. निवृत्तीनंतरही तो उकळीबाईंनीच आठवड्यातून एकदा शिकवावा. हातमोज्यांची गोष्ट गाळू नये, फक्त शेवटी 'करून बघू नका' असं बजावावं.

प्राचार्यांनी हसत पत्राचं रिकामं पाकीट कचऱ्याच्या टोपलीकडे नेलं. बाईंनी ते झटकन काढून घेतलं. ते कुठलंसं जुनंच पाकीट होतं, अध्यक्षबाईंनी उलटं करून पुन्हा चिकटवलेलं. बाईंनी त्यात फुंकर मारली आणि गालाशी धरलं.

"भोक नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे."