अन्ननलिकेचा ईस्टर

लॉर्नाचा प्रबंध चार वर्षं डुकराच्या अन्ननलिकेत अडकला होता. घास उतरताना अन्ननलिकेचा आतला मऊ थर किती ताणला जातो, ते तिचे मार्गदर्शक डॉक्टर हॅच यांच्या समीकरणानं सांगायचं आणि लॉर्नाच्या यंत्रानं त्या थराची पट्टी ओढून त्याला दुजोरा द्यायचा, एवढंच काम होतं. पण यंत्र हट्टी. एक पट्टी ढिली निघे, तर दुसरी ताठ.

"थर सगळ्या दिशांनी सारखाच ताणला जातो. पट्टी कशीही काप," डॉक्टर म्हणत. "दोष तुझ्या कात्रीत आहे."

मेपर्यंत जुळलं नाही तर मुदत संपणार होती, आणि ओहायोत वडिलांच्या बियाण्यांच्या दुकानात तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं होतं.

बफेलोतलं १९८४ सालचं हे. तेव्हा प्रयोगशाळेत नमुन्याला नंबर नसे, बाटली असे, तीही मेयोनेजची. बाटल्या पुरवायची ब्रोनेक या मदतनिसाची बायको, यादविगा. फ्रिज एकच, त्याचं दार गुडघ्यानं लावावं लागे, आणि आत नमुने व डबे सुखानं शेजारी राहत. आज असं कुणी केलं तर चौकशी समिती बसेल. तेव्हा फार तर कुणीतरी कुणाचं लोणचं संपवायचं.

ईस्टरआधीच्या गुरुवारी ब्रोनेकनं खाटकाकडून सॉसेजचं मांस भरायला साफ केलेली आतडी आणली. घरचा फ्रिज हॅमनं भरलेला, म्हणून बाटली इथेच ठेवली. संध्याकाळी घरी निघताना त्यानं मेयोनेजची बाटली उचलली. फक्त ती शेजारची होती. तिच्यात मिठाच्या पाण्यात लॉर्नाच्या चार अन्ननलिका पडल्या होत्या; वरचा स्नायू त्यानंच सकाळी सोलून काढलेला.

शुक्रवारी लॉर्नानं उरलेली बाटली उघडली. नळी इतकी अरुंद की आडवी पट्टी कापताच येईना. तिनं वहीत लिहिलं, 'डुक्कर लहान असावं', आणि सगळ्या पट्ट्या नळीच्या लांबीनं, उभ्या कापल्या. आकडे समीकरणावर असे बसले, जणू शिंप्यानं माप घेऊन शिवलेत.

"कात्रीला धार लावलीस वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि शोधनिबंध टाइप करायला बसले.

शनिवारी यादविगाची ईस्टरच्या जेवणाची टोपली आशीर्वादासाठी चर्चमध्ये गेली. फादरनी अंडी, ब्रेड, लोणी आणि अन्ननलिका यांवर सारखंच पवित्र पाणी शिंपडलं. रविवारी डॉक्टर ब्रोनेककडे जेवायला होते. बायको गेल्यापासून त्यांचा ईस्टर डब्यातल्या सूपवर व्हायचा. सॉसेज चारच झाली होती, पण गुबगुबीत. ती चारही पाहुण्याच्या ताटात गेली. डॉक्टर बऱ्याच वर्षांनी जेवताना बोलले.

सोमवार त्यांच्या पोलिश वस्तीत ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांवर पाणी उडवण्यात गेला. मंगळवारी यादविगा प्रयोगशाळेत येऊन थडकली.

"ब्रोनेक, खाटकानं तुला गंडवलं. तो म्हणतो दहा वार आतडं दिलं. मला मिळाले चार तुकडे, आणि उरलेल्या मांसाचे गोळे तळत बसले मी."

"मी काय मोजून आणलं होतं?"

"तू कधी काय मोजतोस?" तिनं फ्रिज उघडला. "आणि हे काय मग? बाटलीतल्या आतड्याला खाटकाची गाठ आहे."

लॉर्नानं बाटलीकडे पाहिलं, मग वहीतल्या लहान डुकराकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसली. ओहायोतलंही असंच असणार, असं तिला वाटलं.

"काकू, तुम्ही भरलंत ते... कसं होतं?"

"हट्टी. कितीही दाबा, लांब होईचना. आडवं मात्र फुगतंय आपलं, सासऱ्यांच्या पोटासारखं. मी म्हटलं, हे आतडं नाही, कुणाचा तरी स्वभाव आहे."

लॉर्ना उठली. चार वर्षांच्या वह्या तिनं खाली काढल्या. ढिल्या पट्ट्यांची पानं एकीकडे, ताठ पट्ट्यांची दुसरीकडे. ताठ सगळ्या उभ्या कापलेल्या होत्या, ढिल्या सगळ्या आडव्या.

तेवढ्यात डॉक्टर निबंधाचं पाकीट घेऊन आले. "टपालात टाकतोय."

"सर, आपण आतडं मोजलं."

"आणि अन्ननलिका?"

ब्रोनेक म्हणाला, "छान झाली होती असं तुम्हीच म्हणालात, डॉक्टर."

लॉर्नानं उभ्या आणि आडव्या पट्ट्यांची पानं पुढे सरकवली, डॉक्टरांनी ती वाचली. मग त्यांनी यादविगाला खुर्ची दिली, स्वतः खडू घेतला.

"बाई, भरताना जाडी दुप्पट झाली होती का?"

"जवळजवळ. तुम्ही पाहिलीत की."

"पाहिली," डॉक्टर म्हणाले आणि फळ्यावरचं समीकरण पुसलं. नवं लिहिलं, त्यात उभ्याचं वेगळं आणि आडव्याचं वेगळं. जुने आकडे एकेक करून जागेवर बसू लागले. पाकीट त्यांनी कचऱ्यात टाकलं.

मेमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना नव्या समीकरणात खोट सापडेना, म्हणून त्यांनी परिशिष्ट उलटलं.

"नमुने तीस आणले, मोजले सव्वीस. उरलेले चार कुठे आहेत?"

लॉर्नानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"ते माझ्या अंगी लागले," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न विचारा."