महानंदाच्या वाट्याची बोट

महानंदाच्या सहलीची सुरुवात सोलापुरात पोती बांधण्यापासून झाली. शेगडी, परात, दोन तवे, ज्वारीचं पीठ, शेंगाचटणीचा डबा. बाकीची माणसं एकेक बॅग घेऊन गाडीत बसली आणि वर म्हणाली, "चला की लवकर!"

कारण एकच, सासूबाई काशम्मा, म्हणजे घरच्या अव्वा. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अव्वा तोंडात पाणी घेत नसत, आणि पूजेनंतर खात ते घरच्या भांड्यातलं, घरच्या सुनेच्या हातचं. घरात हे चालून जायचं. पण धाकट्या दिरानं सहलीला जागा कुठली शोधावी? टेंभुर्णीजवळ, उजनीच्या पाण्याकाठी, पाहुणे ठेवणाऱ्या चिमाबाई कोळणीच्या घरी. तिथं सकाळी कढई चढते ती मासे तळून तळून संध्याकाळीच उतरते.

"त्यांच्या तव्याची सावलीबी नगं," अव्वांनी बजावलं. "आपली महानंदा हाय की."

महानंदा हाय की! पंधरा वर्षं हेच वाक्य घरातल्या सगळ्यांना सुट्टी देत आलं होतं. फक्त महानंदाला सोडून.

धाकटी जाऊ अंकिता पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायची. तिला भाकरी येत नव्हती. 'येत नाही' हा दागिना तिनं लग्नातच अंगावर घालून आणला होता, आणि तो तिला शोभायचा. सकाळी ती बोटीत, संध्याकाळीही बोटीत. डोक्यावर हॅट, मागं रोहित पक्ष्यांचा थवा. ते फोटो लगेच घरच्या ग्रुपवर यायचे, आणि महानंदा पिठाच्या बोटानं ते मोठे करून बघायची. तेव्हा तिच्या पोटात जे व्हायचं त्याला चांगल्या घरात पित्त म्हणतात. पित्त कसलं, मत्सर होता तो. अस्सल.

तिसरा दिवस शेवटचा. उद्या सकाळी परत. पाचची बोट ही शेवटची बोट.

"अहो, मला एकदा बोटीत बसायचंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"बस की! कोण नको म्हणतंय?" सोमशेखर खाटेवरून म्हणाला. "अव्वाचं जेवण तेवढं उरकून जा."

अव्वांचं जेवण पावणेपाचला सुरू होऊन साडेपाचला उरकायचं.

महानंदानं दुपारी पहिला डाव टाकला. "अव्वा, मला पाळी आलीय."

"मग पोट शेक, आन् पीठ मळायला घे. आपल्या धर्मात विटाळ न्हाई. आठशे वर्सं झाली ते मोडून."

शेजारणींना महिन्याचे चार दिवस तरी मिळत. महानंदाच्या वाट्याला सुधारणा आली होती, आणि ती चुलीपाशी येऊन बसली होती.

चार वाजता ती मोरीत घसरली. म्हणजे घसरल्याचा आवाज केला. मनगटाला फडकं गुंडाळून कण्हत बाहेर आली. अव्वांनी हात हातात घेऊन बघितला आणि सुस्कारा सोडला.

"आता काय करावं? अंकी, आजच्या भाकरी तू कर."

अंकिताचा चेहरा असा उतरला की महानंदाचं पित्त जागच्या जागी शमलं.

"अक्का, मला जमायची नाही हो!"

"जमतंय गं. मला तरी कोणी शिकवली?" असं गोड बोलून महानंदा पाण्याकडं निघाली. बोटवाल्या येडूनं तिला लाईफ जॅकेट चढवलं. ती सगळ्यात पुढच्या फळीवर बसली. अजून दोन माणसं आली की बोट सुटणार होती.

तेवढ्यात वर घराच्या मागच्या पडवीतून आवाज आला. थप थप थप थप. एका लयीत, भरभर.

महानंदाचे कान टवकारले. हा शिकाऊ हाताचा आवाज नव्हता. पाठोपाठ अव्वांचा खणखणीत आवाज आला, "अगं अगं, काय फुगलीय! पापुद्रा बघ, कागदावानी! अंकी, आणखी एक आण!"

"वैनी, सुटायलोय आता," येडू म्हणाला.

"थांब जरा. आलेच." आणि ती जॅकेटसकट वर पळाली.

मागच्या पडवीत, अव्वांच्याच परातीपुढं चिमाबाई मांडी घालून बसली होती. अंकिता शेजारी उभी राहून नुसती ताटलीत वाढून आत नेत होती.

"अक्का, पाया पडते, बोलू नका," अंकिता कुजबुजली.

"साबणानं तीनदा हात धुतल्यात," चिमाबाई म्हणाली. "भांडीबी तुमचीच."

महानंदाच्या डोक्यात हिशोब धावला. सांगावं, तर अव्वा ताट ढकलतील, भांडी घासायची, पुन्हा पीठ, पुन्हा आपणच. न सांगावं, तर बोट आपली. गप्प उतरून जायचं, बस्स.

"अंकी, तिसरी आण गं!" आतून हाक आली.

तिसरी! पंधरा वर्षांत महानंदाच्या हातची दोनावर तिसरी अव्वांनी मागितली नव्हती.

"सरका," ती चिमाबाईला म्हणाली. मनगटाचं फडकं ओरबाडून फेकलं, पिठाचा गोळा घेतला आणि सगळ्या जन्माचा राग त्यावर थापला. खाली येडूनं शिटी वाजवली. तिनं मान वळवली नाही. भाकरी फुगली, टम्म. ती स्वतः घेऊन आत गेली.

अव्वांनी तुकडा मोडला, चावला, थांबल्या.

"ही अंकीची न्हाई."

"माझी हाय," महानंदा छाती पुढं काढून म्हणाली. जॅकेटमुळं ती आधीच पुढं आलेली होती.

"तरीच. हात दुखतोय न्हवं तुझा, म्हणून अशी झाली. ऱ्हाऊ दे बाई. अंकीचीच आण."

अंकिता कुठं होती? खिडकीतून दिसलं. बोट पाण्यात मध्यावर पोचली होती आणि पुढच्या फळीवर हॅट होती.

"मी काय म्हणते," अव्वा पाणी पीत समाधानानं म्हणाल्या, "लई राबलीस तू. फुडच्या सहलीला सगळा सैपाक अंकीकडं. तू आपली दिवसभर बोटीत बस."

पंधरा वर्षं हे वाक्य ऐकायला महानंदाचा जीव टांगणीला लागला होता. ते आता समोर ताटात वाढलं गेलं होतं. तिनं हात झटकला, बोटं मिटली, उघडली, आणि घाईघाईनं म्हणाली,

"छे हो अव्वा, अंकीकडं कशाला? बघा की, हात बरा झाला माझा!"